जिभेवरचे डाग

मालनताईंनी आरशात जीभ पाहिली. पांढरे डाग टाळूपर्यंत पोचले होते. सात वर्षांपूर्वी यजमानांच्या तोंडातही असेच डाग उठले होते, आणि वर्षाच्या आत ते कर्करोगानं गेले. मालनताईंनी महिनाभर घरात कुणाला काही सांगितलं नाही.

पण आवाज घोगरा झाला, साधा वरणभातही झोंबू लागला, तेव्हा सून त्यांना बळेच दवाखान्यात घेऊन गेली.

"दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. भरायची असते?"

"त्यातलं औषध तोंडात राहिलं की बुरशी धरते. औषध देते, आठवड्याभरात जाईल. पंप मात्र सोडू नका. ओढलात की चूळ भरून थुंकायचं, एवढंच."

बाहेर पायरीवर सून चिडून म्हणाली, "आई, महिनाभर एकटीनं सोसलंत? मला का नाही सांगितलं?"

"तुला आठवा लागलाय. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून गप्प राहिले. नातवंड एकदा मांडीवर घेतलं असतं, मग सांगितलं असतं."

सुनेनं सासूचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ लाथा मारत होतं.