मीटरपेटीवरचा कप

"कान तुटलेले कप बी घ्यायचे?" सत्यभामानं विचारलं.

"व्हय. लिवलंय हितं." मोतीराम मुकादमानं महापालिकेचा कागद डोळ्यांजवळ धरला. "कागद, बाटल्या, डबे तर घ्यायचेच. आजपास्नं वरून प्लास्टिक, जर्मलची भांडी, काच आन् चिनीमाती. फुटकी, तडकलेली, कान तुटलेली कपबशी. समदं गाडीत."

त्यानं चहा संपवला. टपरीवाल्या सांडूच्या बादलीत बाकीच्यांचे ग्लास पडले होते. मोतीरामनं आपला ग्लास आपणच विसळला आणि टपरीमागच्या कडुलिंबाखाली विटेवर पालथा घातला. सोळा वर्षं तो इथंच चहा पीत होता.

"आन् हे बघ," तो म्हणाला, "मार्चला तुझं नाव कायम करायला धाडायचंय. एक जरी तक्रार आली, तर माझ्या हातात काय नाय."

सत्यभामानं मान हलवली आणि हातगाडी ढकलायला लागली. चार वर्षं ती रोजंदारीवर राबत होती. कायम झाली तर थोरल्या लेकीची शाळा सुटणार नव्हती. तेवढं एक तिला पार पोटातून हवं होतं.

संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. त्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची बातमी आली आणि तिची वस्ती टेम्पोत दाटीवाटीनं बसून कमानीपाशी गेली. सत्यभामा नाचली, रडली, पुन्हा नाचली. तिचे गुडघे अजून ठणकत होते. अठ्ठ्याहत्तर साली याच नावापायी गावात तिचं घर जाळलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती मुकुंदवाडीला आली होती.

स्टेशनापलीकडच्या आळीत पहिलं घर लक्ष्मीबाईंचं. मुलगा वाळूजला कंपनीत, दारात नवी स्कूटर. बाई मनानं वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. सत्यभामाला रोज आलं घातलेला चहा द्यायच्या, गुडघ्यांची चौकशी करायच्या. फक्त चहा वरून ओतायच्या, भांडं भांड्याला लागू नये म्हणून. कप मीटरपेटीवर असायचा, कान तुटलेला. सत्यभामा तो स्वतः उतरवायची, चहा पिऊन अंगणातल्या नळाखाली धुवायची आणि परत पालथा ठेवायची. आळीत अकरा घरं आणि प्रत्येक घरात तिच्यासाठी असाच एक कप होता. शहाण्यासुरत्या माणसांची आळी ती, आतबाहेरच्या हिशेबात कुणी चुकत नव्हतं.

आज लक्ष्मीबाईंनी टोपली बाहेर आणून ठेवली. "कंपनीतून नवा सेट मिळालाय गं. हे जुनं सगळं ने."

टोपलीत पाच कप होते, निळ्या फुलांचे. सत्यभामानं एकेक उचलून गाडीत टाकला. मग तिची नजर मीटरपेटीकडं गेली. तिथं सहावा होता, त्याच निळ्या फुलाचा. तिनं हात पुढं केला.

"अगं, तो नको!" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तो तुझा आहे."

मायेनं म्हणाल्या, आणि तेच सत्यभामाला झोंबलं. शिवी दिली असती तर तिनं गिळली असती. ही माया काही केल्या घशाखाली उतरेना.

"कान तुटलाय, बाई. यादीत हाय." तिनं कप गाडीत टाकला.

"मग उद्या चहा कशात देऊ तुला?"

"तुमी पिता त्यात."

लक्ष्मीबाईंचा चेहरा पडला, मग लाल झाला. "चार दिवस झाले नाहीत नाव मिळून, तर एवढा ताठा? मुकादमालाच सांगते मी!"

दार धाडकन लागलं. गेली नोकरी, सत्यभामाच्या मनात आलं. गाडी तिथंच सोडावी आणि दार वाजवून पाय धरावेत, असंही क्षणभर वाटलं. मग तिला स्वतःचाच भयंकर राग आला. एका कपापायी जायची ती अकरांपायी जाऊ दे!

तिनं आळीभर हाळी दिली. "चिनीमाती! कान तुटलेले कप!" दुसऱ्या घरी कप कंपाउंडच्या भिंतीवर होता, तिसऱ्या घरी पाण्याच्या टाकीमागं. सगळ्या जागा तिला तोंडपाठ होत्या. तिनं कुणालाही विचारलं नाही.

ती कोपऱ्यावर पोचली, तेव्हा लक्ष्मीबाई आधीच टपरीपाशी उभ्या होत्या. "अहो मुकादम, ही बाई दारातल्या वस्तू पळवते. तक्रार लिहून घ्या. आत्ताच्या आत्ता!"

मोतीरामनं वही उघडली, खिशातलं पेन काढलं. मग गाडीत डोकावला. वरच अकरा कप होते, अकराही बिनकानाचे. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"लिवा, मुकादम," सत्यभामा म्हणाली. तिची मान ताठ होती. "पर ह्यातला एक बी माघारी जायचा नाय."

मोतीरामनं पेनाला टोपण घातलं, वही मिटली आणि तो टपरीमागं गेला.

"आरं मोतीराम," सांडू ओरडला, "तुझा गिलास कुठं नेतो? उद्या चहा कशात पिशील?"

मोतीरामनं विटेवरचा ग्लास आणून त्या अकरा कपांवर ठेवला.

"धर, सत्यभामा. काच बी यादीत हाय," तो म्हणाला. "सोळा वर्साचं भंगार माझं बी पडून व्हतं."