सहावा गडी

शिंप्यांच्या गल्लीतले सहा जण दोराजवळ येऊन उभे राहिले, तेव्हा समोरचे गोदीवरचे हमाल पोट धरून हसले.

"अहो, दोर ओढायचाय. ओवायचा नाही!"

शिंप्यांची गल्ली सगळी यहुदी. चार वर्षांपूर्वी एकाच गावातून, एकाच बोटीनं आलेली माणसं. दिवसभर मान मोडून शिवायचं, एकेका खोलीत आठ-आठ जणांनी राहायचं. गल्लीतलं मागचं लग्न जिन्यात लागलं होतं; निम्म्या वऱ्हाडाला नवरा-नवरी दिसलीच नाहीत. पुढच्या महिन्यात कापड बेतणाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आणि रस्सीखेच जिंकणाऱ्या गल्लीला दर रविवारी हे मैदान मिळणार होतं, वर्षभर.

पहिला डाव हमालांनी हसत हसत घेतला. दुसऱ्या डावाला इस्त्रीवाल्यानं ठेका धरला, "हं... हं...", आणि गल्लीनं एका दमात ओढलं. हमाल गाफील होते, ते तोंडावर आपटले. पण त्याच ओढाताणीत गल्लीतल्या सगळ्यात वजनदार गड्याचा, पाववाल्याचा, पाय मुरगळला. त्याला खांद्यावर घालून बाहेर न्यावं लागलं.

"सहावा गडी आणा, नाहीतर हार कबूल करा," पंच म्हणाला.

गल्लीतले पुरुष एकमेकांकडे बघू लागले. उरले होते ते म्हातारे आणि खोकणारे. तेवढ्यात कपडे धुणारी विधवा बाह्या सारत पुढे आली.

सासूनं तिचा दंड धरला. "शुद्धीवर आहेस का? पुरुषांच्या रांगेत उभी राहणार?"

"मग काय करू, आई? परत जिन्यात लग्न लावायचं?"

"बाई चालणार नाही!" हमालांचा म्होरक्या ओरडला.

पंचानं खिशातून कागद काढला. "इथं 'सहा माणसं' एवढंच लिहिलंय. बाईमाणूस हे माणूसच की."

आता गल्लीची नजर रब्बींकडे, त्यांच्या धर्मगुरूंकडे वळली. रब्बींनी दाढी कुरवाळली, आभाळाकडे पाहिलं, मग दोराकडे.

"तिला शेवटी उभी करा. मधे चार हात दोर मोकळा सोडा," ते म्हणाले. "परपुरुषाला हात लावायचा नाही, हे खरं. दोर काही पुरुष नाही."

तिसरा डाव सुरू झाला. हमालांनी पहिल्याच हिसक्याला दोन हात दोर खेचून नेला. कापड बेतणारा गुडघ्यावर आला. इस्त्रीवाल्याचा ठेका चुकला. दोराच्या मधली लाल चिंधी हमालांच्या रेषेकडे सरकू लागली आणि अचानक थांबली.

विधवेनं टाचा मातीत रुतवल्या होत्या. तीन गल्ल्यांच्या चादरी रोज एकटीनं पिळणारे ते हात. ती ओढत नव्हती, नुसती सोडत नव्हती. हमालांनी जोर केला. पुन्हा केला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, श्वास फुलले. पुढच्या पाच जणांना दोर घट्ट लागला, तसे त्यांचे पायही स्थिरावले.

"आता!" ती ओरडली.

गल्ली मागं सरली. एक पाऊल. आणखी एक. मग चिंधीनं गल्लीच्या बाजूची रेषा ओलांडली आणि सहाही जण धप्पकन एकामागोमाग मातीत बसले.

टोप्या उडाल्या. कापड बेतणारा रडत होता आणि रडत नसल्याचं सगळ्यांना सांगत होता. सासू दिसेल त्याची बाही ओढून म्हणत होती, "माझी सून आहे ती! माझी!"

विधवा तळव्यांवर फुंकर घालत बसली होती. समोर कुणाची तरी सावली पडली. हमालांच्या म्होरक्याची बायको उभी होती, दारात मावणार नाही अशी. तिनं पायातले बूट काढले आणि नवऱ्याच्या हातात कोंबले.

"ऊठ गं," ती म्हणाली. "आता बायका-बायकांची होऊन जाऊ दे."

विधवा उठायच्या आत सासूनं दोराचं टोक उचललं होतं.