बुवांचा दहावा

भटजींनी पिंड मांडून तास उलटला, पण कावळा काही शिवेना.

पैनगंगेच्या काठी सारा गाव लोटला होता. वैजनाथबुवांचा दहावा म्हटल्यावर घरी कोण थांबणार? चिखलीची भजनी मंडळीसुद्धा सकाळच्या एसटीनं आली होती. पलीकडच्या बाभळीवर सात-आठ कावळे बसले होते, भुकेलेही दिसत होते. एखादा धीर करून खाली उतरायचा, पिंडाच्या दिशेनं दोन उड्या मारायचा, तेवढ्यात इकडून टाळ वाजायचे आणि स्वारी पुन्हा बाभळीवर.

भजनी मंडळाला राहवतच नव्हतं. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. आणि बुवांची इच्छा गाण्यावाचून दुसरी काय असणार?

"बुवा, दर एकादशीले भजन करू," मृदंगवाला पुंजाजी हात जोडून म्हणाला, आणि शब्द खरा करायला लगेच एक अभंग झाला.

"तुमची वीणा खाली ठेवणार नाही," टाळकरी कारभारी म्हणाला. पुन्हा अभंग, आधीच्यापेक्षा मोठ्यानं.

बुवांची बायको गोजरबाई बायामाणसांत बसली होती. बसली कसली, उठत होती, बसत होती, पदराचं टोक पिळत होती. गावात कोणाचं मूल जावो, कोणाचा बैल जावो, बुवा वीणा घेऊन त्याच्या दारात उभे राहायचे. रडणारं माणूस ऐकता ऐकता निवायचं. तेच बघून शिकलेलं मंडळ आता दहा दिवस सकाळ-संध्याकाळ गोजरबाईच्या ओसरीवर गात होतं. तिच्या घशाशी हुंदका आला, की कोणीतरी म्हणायचं, "वहिनीले भरून आलं, उचला रे टाळ!" माणसं मायेची, त्यांना बोलणार तरी काय? हुंदका पुन्हा आत. नवरा जाऊन दहा दिवस झाले आणि ती अजून रडली नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. एक कावळा उतरला. डोळे मिटलेल्या पुंजाजीनं मृदंगावर थाप दिली आणि कावळा उडाला.

गोजरबाई ताडकन उठली, तरातरा पुरुषांत गेली आणि तिनं मृदंगावर हात ठेवला.

"काऊन वाजवून राह्यले हो भाऊजी? त्या पाखराले उतरू द्या."

"पण वहिनी, बुवाच्या जिवाले शांती..."

"त्याईच्या जिवाचं राहू द्या! मले रडू द्या ना बाप्पा! दहा दिवस झाले, कोणी मले रडूच देत नाही."

टाळ थांबले. गोजरबाई तिथंच वाळूत बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला, की पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया थबकल्या. पुंजाजीची बोटं सवयीनं मृदंगाकडे वळली. समोर माणूस रडतंय आणि आपण गप्प, असं तीस वर्षांत झालं नव्हतं. मग त्यानं मृदंग बाजूला सारला आणि तोही रडायला लागला. कारभारी रडला, चिखलीवाले रडले.

नदीकाठच्या कावळ्यांना रडण्याची सवय असते.

"शिवला! शिवला!" भटजी ओरडले.

बघायला कोणी उठलं नाही.