बेसमेंटमधली बिअर

"बाबा, तू बेवडा आहेस का?"

अनुयाने विचारलं आणि पोह्यांचा चमचा हवेतच धरून ती उत्तराची वाट बघत बसली. तिची मैत्रीण ऊर्मीने तिला डेअर दिलं होतं. "विचारून तर दाखव, आहे हिंमत?" आता ग्रेड ट्वेल्व्हमध्ये डिबेट टीमची कॅप्टन झालेल्या मुलीला असं विचारायचं असतं का?

बाबांनी, म्हणजे रविकांतने, चष्मा काढून पुसला. "कोण म्हणतं?"

"होल वॉटर्लू!"

"तुझं अख्खं वॉटर्लू शहर म्हणजे मराठी मंडळातली चार घरं," बाबा हसले. आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिने पोह्यांची रिकामी कढई उगाचच पुन्हा खरवडली.

प्रकरण तसं उघडंच होतं. त्यांच्या बेसमेंटमध्ये बिअर व्हायची. काचेच्या मोठ्या बुधल्यात काळीभोर बिअर मुरत असायची आणि शेजारच्या बरणीत ओकच्या लाकडाचे तुकडे व्हिस्कीत भिजत पडलेले असायचे. ते आधी ओव्हनमध्ये भाजायचे, मग भिजवायचे, मग बिअरमध्ये सोडायचे. भाजताना घरभर वास सुटायचा, जळक्या लाकडाचा आणि करपलेल्या गुळाचा. मैत्रिणी आल्या की अनुया थंडीतसुद्धा खिडक्या उघडायची.

बिचाऱ्या आईचे, म्हणजे शीलाचे, तर हालच. वॉशर आणि ड्रायर दोन्ही खालीच. कपडे लावायला म्हणून जायची आणि तास तास त्या वासात काढायची. तिच्या स्वेटरमध्येही तो वास बसला होता. आणि मंडळात तिची इज्जत केवढी! गणपतीचा नैवेद्य दरवर्षी शीलाच्याच हातचा, दुसऱ्या कोणाची बिशाद नव्हती. तिला सगळे 'अन्नपूर्णा' म्हणायचे. बाबांना मात्र माघारी 'भट्टीवाले'.

एका ठिकाणी तेवढे बाबा वेगळे दिसायचे. रविवारच्या मराठी शाळेत. एरवी 'आय डोन्ट नो'च्या पुढे न जाणारी पोरं त्यांच्या वर्गात 'ळ' कोण आधी म्हणणार यावर भांडायची. अनुया त्याच वर्गात शिकली होती आणि आता छोट्यांना शिकवायला मदत करायची. त्या दोन तासांत तिला बाबांची अजिबात लाज वाटत नसे.

शनिवारी मंडळाचे अध्यक्ष शरदचंद्रकाका आले. दारात स्नो बूट काढता काढताच त्यांनी बिअर मागितली.

"ह्यात ओक घातलाय म्हणे? आमच्या सदाशिव पेठेतल्या ओकांपैकी कोणी की काय?" स्वतःच्याच विनोदावर ते खो खो हसले.

"नाही, लाकूड," बाबा म्हणाले. "तुकडे तीन महिने ठेवले की..."

"तीन आठवडे म्हणाला होतास ना?" आईने चकल्यांची बशी ठेवता ठेवता हळूच म्हटलं. "जास्त ठेवले की पाट चाटल्यासारखं लागतं, असं म्हणतोस ना नेहमी?"

"हो हो, आठवडे."

अनुयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिऊन पिऊन आठवडे आणि महिने यांतला फरकही कळेना, इथवर गेली का मजल?

दुसरा ग्लास रिकामा करून काकांनी मिशा पुसल्या. "रविकांत, स्पष्ट बोलतो. पालकांच्या तक्रारी आहेत. दारू गाळणाऱ्या माणसाकडे मुलं कशी पाठवायची? उद्या मीटिंग आहे. बिअर बंद करा, नाहीतर वर्ग सोडा."

"काका, तुम्हीपण आत्ता प्यायलात," अनुया म्हणाली.

"मी पितो गं. गाळत नाही."

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बिअर बंद नाही होणार. वर्ग सोडतो मी."

काका गेले. अनुयाचा फोन वाजला. ऊर्मीचा मेसेज होता, 'सो? इज ही?' अनुयाने 'येस' लिहिलं आणि पाठवून दिलं. मग फोन पालथा टाकला.

"सीरियसली, बाबा? ती एवढीएवढीशी पोरं, आणि तू बिअर निवडलीस?"

"अनुया, तुला नाही कळायचं."

"मग सगळी ओतूनच देते!"

ती धाडधाड जिना उतरली. मागोमाग दोघंही आली. तिने बुधल्याला मिठी घातली आणि तो उचलून सिंककडे वळवला.

"हळू!" आई किंचाळली. "गाळ ढवळला जाईल!"

तिने झेप घेतली आणि रांगतं मूल पायरीवरून पडताना धरावं तसा दोन्ही हातांनी बुधला धरला. वरच्या खिडकीबाहेर कोणीतरी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढत होतं, तेवढाच आवाज.

"बाबा," अनुयाने विचारलं, "ह्यात ओक कधी टाकलास?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईची मान खाली गेली होती.

अनुयाने आईबरोबर बुधला अलगद जागेवर ठेवला. कानाच्या पाळ्यांपर्यंत चेहरा तापला होता. तिने बाबांचा हात धरला.

"उद्या तू मीटिंगला जायचं नाहीस, बाबा. तू तुझ्या वर्गावर जायचंस. मीटिंगला मी आणि आई जाणार. आणि आई, बिअर तू करतेस हे तिथे तूच सांग. नाहीतर मी सांगेन."