‘चूक’ लिहिलेली काच

अकोल्याच्या परिषदेत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पडद्यावर कर्करोगाच्या पेशी दाखवल्या. सगळ्या हिरव्यागार चमकत होत्या. टाळ्या पडल्या. माझे हात उठले नाहीत. तो फोटो मी ओळखला. मार्चमध्ये अमरावतीच्या प्रयोगशाळेत माझ्याकडून अँटीबॉडी, म्हणजे रोगट पेशीला चिकटून तिला चमकवणारं द्रव्य, दहापट पडली होती. एवढी झाली की ती दिसेल त्या पेशीला चिकटते, आणि नसलेला रोगही चमकतो. त्याच दिवशी मी त्या पेशी ठेवलेल्या काचेवर पेन्सिलनं ‘चूक’ लिहून ती मॅडमच्या हातात दिली. "चूक सांगाले हिंमत लागते, पोरी," म्हणत त्यांनी पाठ थोपटली. आता मागून एका सरांनी विचारलं, "तुलनेसाठी निरोगी पेशींचा फोटो कुठे आहे?" मॅडमनी माझ्याकडे हात केला. "प्रयोग नीलमचा आहे, तिलाच विचारा." माईक माझ्यापर्यंत आला. मॅडम डोळ्यांनीच सांगत होत्या, सांभाळून घे. मी उठले. "सर, समोर दिसून राहिल्या त्या निरोगीच हायेत."