पाटीखालचा मुक्काम

गस्तीची गाडी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला वळताना दिसली आणि मर्ल हॅस्केट आपल्या मोटरहोममधल्या पुढच्या सोफ्यावरून ताडकन उठला. पायजम्यातच तो स्टिअरिंगमागे बसला आणि किल्ली फिरवली.

खिडकीवर टकटक झाली की दंड. टकटक व्हायच्या आत निघालं की सुटका. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर असं चाकांवरचं घर घेऊन हिंडणाऱ्या सगळ्यांना हे पाठ असतं, आणि मर्लला तर या पळापळीचा अभिमानच होता. काल रात्री त्याने 'रात्री वाहन उभे करू नये' या पाटीच्या बरोबर खालीच मुक्काम ठोकला होता.

"ग्वेन, धरून बस गं!" त्याने मागे ओरडून सांगितलं आणि गाडी हायवेला घातली.

मागच्या पलंगाचा पडदा ओढलेला होता. उत्तर आलं नाही.

येणार तरी कसं? रात्री दोघांचं चांगलंच वाजलं होतं. जवळच पैसे भरून गाडी लावायचं कॅम्पग्राउंड होतं, गरम पाण्याच्या अंघोळीची सोय असलेलं. पण समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे, त्याच्या कडेला झोपायचे पैसे कसले, हे मर्लचं ठरलेलं वाक्य.

"घर विकू या म्हणालास, विकलं," ग्वेन म्हणाली होती. "पण म्हातारपणी चोरासारखं झोपायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. जरा खुट्ट झालं की दचकून उठते मी. सकाळची बस धरून मी डार्सीकडे जाते. लेकीकडे निदान निवांत झोप तरी लागेल. तू आणि तुझी गाडी, नांदा सौख्यभरे!"

एवढं बोलून तिने पडदा ओढून घेतला होता. मर्लची रवानगी सोफ्यावर झाली होती.

आता बसचा थांबा मागे पडला तसं त्याला हायसं वाटलं. रुसलेली का होईना, बायको गाडीत होती. तिचा फोनसुद्धा समोर चार्जिंगला लावलेला होता, म्हणजे लेकीला अजून काही कळवलेलं नसणार.

तेवढ्यात त्याचा स्वतःचा फोन वाजू लागला. नंबर अनोळखी. दंडवाल्यांनी माझा नंबर कुठून काढला? फोन थांबला, पुन्हा वाजला. मर्लने तो बंदच करून टाकला.

समोरून येणाऱ्या मोटरहोमवाल्याने हात केला. रस्त्यात एकमेकांना हात करायची या लोकांची रीतच आहे, म्हणून मर्लनेही केला. पण तो गडी दाराकडे बोट दाखवत काहीतरी ओरडत गेला. दाराखालची पायरी आत घ्यायची राहिली असणार. घाईत हे असं व्हायचंच.

पुलापाशी गाडी खड्ड्यात दाणकन आदळली. एरवी ग्वेनने "अरे, माझे कप!" म्हणून त्याला फाडून खाल्लं असतं. आज हूं नाही की चूं नाही. तेव्हा मात्र मर्ल घाबरला. भांडणारी ग्वेन त्याला चालायची. गप्प ग्वेनशी कसं वागायचं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

"जागी आहेस ना?" तो आरशातल्या पडद्याकडे बघत म्हणाला. "नको बोलूस. नुसतं ऐक."

त्याने गाडीचा वेग कमी केला.

"चुकलं माझं," तो शेवटी म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडून उभ्या संसारात निघाले नव्हते. गाडी मागे घेताना शेजाऱ्याचं कुंपण पाडलं, तेव्हाही त्याने दोष कुंपणालाच दिला होता.

"घर तुझं होतं गं. टोमॅटोचे वाफे तुझे होते. मला समुद्र हवा होता आणि मी तुला बरोबर ओढलं. तुझी झोप उडाली, ते दिसत होतं मला. बघायचं टाळलं मी."

फाटा आला. सरळ गेलं तर पुढचा किनारा, पुढची पाटी. मर्लने गाडी आतल्या रस्त्याला, डार्सीच्या गावाकडे वळवली. समुद्र मागे राहिला.

"डार्सीच्या आसपास छोटंसं घर बघू. भाड्याचं का होईना. ही गाडी..." त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "ही गाडी विकून टाकू. फक्त तू जाऊ नकोस."

वळणावर पडदा जरासा हलला. ऐकतेय, मर्लला वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आणि आरशात लाल-निळे दिवे चमकले. तीच गस्तीची गाडी, फाट्यावरून त्याच्याच मागे वळलेली.

सवयीने त्याचा पाय वेग वाढवायला दाबला गेला. मग त्याने तो काढला. चोरासारखं पळणं आता बास झालं. त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि ओठांवर बोट ठेवून उभा राहिला.

गस्तीवरची पोलीस एक तरुण मुलगी होती. ती धापा टाकत आली.

"हळू बोला, बाई," मर्ल कुजबुजला. "दंड लिहा, हवा तेवढा लिहा. चूक माझीच आहे. फक्त आमच्या मंडळींना दचकवू नका. मागे पडून आहेत. मला सोडून निघाली होती हो. आत्ता कुठे जरा ऐकून घेतेय माझं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पायरी बाहेर लटकत असलेल्या त्या दाराकडे पाहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "फोन तरी उचलायचा!" आणि तिने आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं.

झोपायचा गाऊन, पायात वाळूने भरलेल्या सपाता, खांद्यावर पोलिसाचं जाकीट. रडून डोळे सुजले होते, पण आवाज मात्र शाबूत होता.

"पहाटे पाण्याकाठी बसून ठरवलं, जाऊ दे, राहते याच्याचबरोबर," ग्वेन म्हणाली. "तेच सांगायला धावत आले, तर पाटीखाली ना तू, ना गाडी!"