आठ लिही

“मागच्या दाराची कडी?” मरीसाने विचारलं.

“घट्ट आहे,” अर्लीन म्हणाली. ते खरं होतं. तासाभरापूर्वी तिने ती स्वतः दोनदा ओढून बघितली होती.

मरीसा ऑल्टमन ही सरकारी तपासनीस. वर्षातून एकदा, न सांगता, ती अर्लीनच्या घरातल्या पाळणाघराच्या दारात उभी राहायची. धुराची घंटा, औषधांचं कपाट, बाळांचे पाळणे, नळाचं पाणी, सगळं बघून झालं होतं. आता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टॅब्लेटवर शेवटचं पान भरत होती. समोर उभ्या असलेल्या अर्लीन पोस्पिशिलने दोन्ही हात एप्रनच्या खिशांत घातले होते.

त्याच दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ती कचऱ्याची पिशवी टाकायला मागे गेली होती. परत आल्यावर कडी लावायची राहिली. मग ती तान्ह्याचे कपडे बदलत बसली. बाहेर येऊन मुलं मोजली, तर सहाची पाच.

बेकेट तिला सापडला तो थेट धान्याच्या कोठारांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सुगीचे दिवस. मक्याने भरलेले ट्रक एकामागून एक चालले होते. दोन वर्षांचं पोर कडेच्या पांढऱ्या रेघेवर उभं राहून त्यांना हात हलवत होतं. अर्लीनने हाक मारली नाही. हाक ऐकली की तो हसत पळायचा, आणि पळायला समोर रस्ताच होता. एकसष्टाव्या वर्षी ती जीव खाऊन धावली, शेवटची दहा पावलं चालत गेली आणि मागून त्याला कमरेत पकडलं. तोवर घरात पाच मुलं एकटी होती.

कोणी पाहिलं नव्हतं. बेकेटला अजून धड दोन शब्द जोडता येत नव्हते.

“एकही चूक नाही,” मरीसा म्हणाली. “बावीस वर्षं ओळीने. आपल्या जिल्ह्यात असं दुसरं पान नाही. संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर चढेल. अजून काही सांगायचंय?”

ते पान कोण बघतं, हे अर्लीनला ठाऊक होतं. गावातली प्रत्येक आई फोन करण्याआधी ते उघडायची. आज्यासुद्धा उघडायच्या. त्या पानावरच तिचं घर चालत होतं.

“आज सकाळी एक पोर माझ्या हातून रस्त्यावर गेलं,” ती म्हणाली.

मरीसाचं बोट थांबलं. अर्लीनने सगळं सांगितलं. कडी, ट्रक, मागे राहिलेली पाच मुलं.

“किती वेळ बाहेर होता?”

“माहीत नाही. पाच मिनिटं असतील. आठही असतील.”

“मला एक आकडा लिहावा लागतो.”

“आठ लिही.”

मरीसाने आठ लिहिलं. जाताना तिने दरवर्षीसारखा कोलाचे, अर्लीनच्या हातचा फळं भरलेला गोड पावही घेतला नाही.

दुपारी बेकेटची आई कर्टनी आली, तेव्हा तिलाही अर्लीनने स्वतःच सांगितलं. ती ओरडली नाही. खाली बसून तिने मुलाच्या बुटांचे बंद बांधले, त्याचं पांघरूण उचललं आणि गेली. तेव्हापासून दुकानात अर्लीन दिसली की ती गाडा वळवून दुसऱ्या ओळीत शिरायची.

“कोणी बघितलं होतं का?” रात्रीच्या जेवणाला बसल्यावर लुमिरने बायकोला विचारलं. “नाही ना? मग तोंड कशाला उघडलंस?”

“दर वेळी कर्टनीला दार उघडून देताना मला तिच्याकडे बघता आलं नसतं.”

“आता ती येणारच नाही. झालं समाधान?”

अर्लीन उठून ताटं आवरू लागली.

महिन्याभरात आणखी दोघी मुलं घेऊन गेल्या. एकीने निदान कारण दिलं, “नवऱ्याने वेबसाइट बघितली हो.” लुमिरने कडी हातभर वर बसवली, दार उघडलं की कर्कश वाजणारी घंटा लावली. मरीसा पुन्हा येऊन ते तपासून गेली, पण नोंद तशीच राहिली. चर्चच्या जेवणात बायका अर्लीनशी हवापाण्याचं तेवढं बोलायच्या. कधीकधी एकटीच बसून ती ते पान उघडायची आणि स्वतःच्या नावाखालचं ते वाक्य वाचायची. मग वाटायचं, लुमिर म्हणतो तेच खरं. जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं?

फेब्रुवारीत, एका सकाळी सात वाजता, मरीसाची गाडी अंगणातल्या बर्फात येऊन थांबली.

नव्याने तक्रार केली कोणी? परवानाच काढून घ्यायला आली? अर्लीन शाल न घेताच पायरीवर आली. मरीसा गाडीचं मागचं दार उघडून आत वाकली होती. कागदपत्रं काढत असणार.

“कडी वर बसवलीय,” अर्लीन तिथूनच बोलू लागली. “घंटा रोज वाजवून बघते. तीनच मुलं आहेत आता, दर दहा मिनिटांनी मोजते. बघायचं ते बघून घे, पण एकदाच काय ते सांगून टाक मला.”

मरीसा सरळ झाली. तिच्या खांद्यावर वर्षाची एक मुलगी झोपेत मान टाकून होती, लोकरीची टोपी डोळ्यांवर आलेली.

“तपासायला नाही आले, अर्लीनबाई,” ती म्हणाली. “तुमची फाइल कालच मी दुसऱ्याकडे दिली. ज्या घरात आपली मुलगी ठेवायची, ते घर मला तपासता येत नाही.”